पहिली रॉड तळ्याला विचारून घ्यावी

हुबळी-धारवाडमधल्या एखाद्या तरुणाने फ्लाय फिशिंगची पहिली रॉड घ्यायचं मनावर घेतलं, की त्याच्यापुढे दोन सल्ले येतात. एक परदेशी पुस्तकांतला आणि व्हिडिओंतला: नऊ फुटी, 5 नंबरची रॉड घ्या, तिच्यावर सगळं भागतं. दुसरा महाशीरचं वेड लागलेल्या देशी मंडळींचा: 8 किंवा 9 नंबरच घ्या, नाहीतर काळी नदीतला पहिलाच दांडगा मासा सगळं सामान ओढून नेईल. दोन्ही सल्ले अनुभवातून आलेले आहेत. पण पहिला अनुभव थंड ओढ्यातल्या ट्राउटचा आहे, आणि दुसरा अशा माशाचा, ज्याच्या वाटेला नवशिक्याने जाऊच नये. बऱ्याच ठिकाणी तर कायद्यानेही जाता येत नाही.

इथल्या नवशिक्याने 6 नंबरची, नऊ फुटी, चार तुकड्यांची, मध्यम लवणारी रॉड घ्यावी. रील साधं घ्यावं, वाचलेला पैसा चांगल्या लाइनवर घालावा, आणि पहिलं वर्ष जवळपासच्या तळ्यांवर जिलेबी माशाच्या मागे घालवावं. त्याची कारणं सविस्तर सांगायला हवीत, कारण रॉडच्या नंबरापाशी सुरू झालेली ही चर्चा तळ्यांच्या आणि नद्यांच्या कारभारापर्यंत जाते.

आधी नंबराचं. साध्या गळाच्या मासेमारीत शिसं किंवा आमिष जड असतं, ते फेकलं की दोर त्याच्यामागून जातो. फ्लाय फिशिंगमध्ये हे उलटं होतं. पीस, लोकर आणि धागा आकड्यावर गुंडाळून केलेल्या कृत्रिम माशीला, म्हणजे फ्लायला, वजनच नसतं. वजन असतं ते जाड लेप दिलेल्या लाइनला. रॉड मागे नेली की लाइन हवेत मागे उलगडते, तिच्या ओढीने रॉड वाकते, आणि पुढे आणताना तो वाक सुटून लाइन पुढे धावते. माशी निव्वळ तिच्या टोकाला बांधलेली असते. म्हणून रॉडवरचा नंबर ती किती मोठा मासा पेलेल हे थेट सांगत नाही. तो सांगतो ती किती वजनाची लाइन फेकू शकते. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मासेमारी-साहित्य उत्पादकांच्या संघटनेने हे माप ठरवून दिलं. लाइनच्या पहिल्या 30 फुटांचं वजन 140 ग्रेन, म्हणजे सुमारे 9 ग्रॅम, असेल तर ती 5 नंबरची. 160 ग्रेन, म्हणजे साडेदहा ग्रॅमच्या आत, असेल तर 6 नंबरची. 210 ग्रेन, साडेतेरा ग्रॅमच्या थोडं वर, असेल तर 8 नंबरची. फरक चार-पाच ग्रॅमांचा आहे, पण नवशिक्याच्या मनगटाला तो तासाभरात कळतो. 8 नंबरची रॉड सकाळभर फिरवून शिकायला बसलेल्या माणसाचा हात दुखून येतो, थकलेला हात चुकीच्या सवयी लावून घेतो, आणि त्या सवयी पुढे फार चिवटपणे टिकतात.

मग 5 का नको? वाऱ्यामुळे. सह्याद्री उतरून पूर्वेकडे पसरलेल्या या उघड्या पठारावर दुपारनंतर तळ्याच्या बांधावर उभं राहिलं, की पश्चिमेचा वारा अंगावर येतो. हलकी लाइन त्या वाऱ्यात पडून जाते. शिवाय इथे कामाला येणाऱ्या माश्या ट्राउटच्या माश्यांपेक्षा जराशा मोठ्या आणि जड असतात. 6 नंबर या दोन्ही गोष्टी पेलतो आणि हातालाही झेपतो. पुढेमागे कोणी हिमाचलात तीर्थनच्या काठी ट्राउटचा परवाना काढून गेलं, तरी हीच रॉड तिथे लाज राखेल.

रॉडचा स्वभाव हा दुसरा मुद्दा. जाहिरातींत 'फास्ट' रॉडचा फार गवगवा असतो. तिचं फक्त शेंड्याकडचं टोक वाकतं, ती लांब फेकते, आणि फेकणाऱ्याच्या हाताची वेळ अचूक लागते. ती अचूकता नवशिक्याकडे नसते. मध्यम लवणारी रॉड निम्म्यापर्यंत वाकते, त्यामुळे लाइनचं वजन रॉडवर कधी आलं हे हाताला जाणवतं. ही जाणीव हाच पहिल्या वर्षाचा अभ्यास आहे. 1970 च्या दशकात कार्बन तंतूंच्या, म्हणजे ग्रॅफाइटच्या, रॉड बाजारात आल्या आणि त्याआधीच्या बांबूच्या व काचतंतूंच्या रॉड मागे पडल्या. तरी काचतंतूची एखादी जुनी, मऊ रॉड कोणाच्या घरात सापडली, तर ती टाकून देऊ नये. शिकायला ती उत्तम असते.

चार तुकड्यांची रॉड मोडून ठेवली की सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटरच्या नळीत बसते. हुबळी-धारवाडच्या चिगरी बसमध्ये किंवा रेल्वेच्या बाकाखाली ती कोणाच्या पायात येत नाही. दोन तुकड्यांची रॉड मात्र प्रवासात हमखास दाराला लागते आणि शेंडा तुटतो.

रीलवर पैसे उधळू नयेत, हे इथे ठासून सांगायला हवं, कारण दुकानाच्या पानावर सगळ्यात चकचकीत दिसतं ते रील. पाव किलोच्या किंवा अर्ध्या किलोच्या माशाशी झुंजताना रीलचं काम लाइन गुंडाळून ठेवण्यापलीकडे फारसं नसतं. मासा बोटांनीच लाइन ओढत किनाऱ्याला आणला जातो. चकतीचा भारी ब्रेक, म्हणजे डिस्क ड्रॅग, लागतो तो शंभर मीटर लाइन एका दमात ओढून नेणाऱ्या माशासाठी. पहिल्या रीलमध्ये तीन गोष्टी पाहाव्यात: मूठ डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना बसवता येते का, लाइनखाली पन्नासेक मीटर बारीक दोर, म्हणजे बॅकिंग, मावतो का, आणि चिखल-वाळू गेली तर चरखी सहज बाहेर काढून धुता येते का. याहून जास्त अपेक्षा ठेवायची गरज नाही.

लाइन मात्र चांगली घ्यावी, आणि ती घेताना धारवाडचा उन्हाळा आठवावा. ट्राउटच्या देशांत विकली जाणारी लाइन थंड पाण्यासाठी बनवलेली असते. एप्रिलच्या उन्हात तिचा लेप मऊ पडतो, ती चिकट होते, रॉडच्या कड्यांतून घसरत नाही, आणि नवशिक्याला वाटतं आपलाच हात वाईट. खोक्यावर 'वॉर्मवॉटर' किंवा 'ट्रॉपिकल' लिहिलेली, पुढच्या भागात वजन असलेली, तरंगणारी 6 नंबरची लाइन मागवावी. खोक्यावर ती 'डब्ल्यूएफ-6-एफ' अशी ओळखू येते. ती बंद गाडीत उन्हात कधीही ठेवू नये आणि तळ्यावरून आल्यावर ओल्या फडक्याने पुसावी. तिच्या पुढे नऊ फुटांचा निमुळता लीडर आणि टोकाला 4एक्स जाडीचा, म्हणजे सुमारे 0.18 मिलिमीटरचा, टिपेट बांधला की सामान पुरं झालं. हे सामान बहुधा ऑनलाइन मागवावं लागतं, हातात घेऊन पारखता येत नाही. म्हणून रॉड, रील आणि लाइन एकमेकांना जुळवून दिलेला तयार संच घेणं पहिल्या खेपेला शहाणपणाचं. संचात सहसा कमी प्रतीची असते ती लाइन. ती तेवढी बदलून घ्यावी.

आता पाण्याकडे. धारवाडला केलगेरीचं तळं आहे, साधनकेरी आहे. याच साधनकेरीच्या काठी घरात मराठी बोलणारे आणि कन्नडात लिहिणारे कवी द. रा. बेंद्रे राहिले. हुबळीला उणकलचं विस्तीर्ण तळं आहे. कलघटगीच्या बाजूला बेडती नदीवर नीरसागर आहे, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाला मलप्रभेचं मोठं धरण आहे. या प्रकारच्या पाण्यात बहुतेक ठिकाणी रोहू, कटला, मृगळ यांची पिल्लं सोडलेली असतात. त्यांतला कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, मृगळ तळाशी चरतो, रोहूचा ओढा वनस्पतींकडे. हे तिघंही माशीला क्वचितच येतात. माशीला येतात ते दोन. पाणवेलींच्या कडेला दबा धरून बसणारा मरळ, आणि जिलेबी.

जिलेबी म्हणजे टिलापिया. उजनीच्या काठावर तिला चिलापी म्हणतात, आणि भिगवणच्या हॉटेलांत ती तळून वाढली जाते. मूळची आफ्रिकेची ही जात 1952 मध्ये भारतात आणली गेली आणि देशभरच्या तळ्यांत पसरली. तिच्या पसरण्याचं गुपित तिच्या घरसंसारात आहे. नर उथळ पाण्यात चिखलात बशीसारखा खळगा करतो आणि त्याची राखण करतो, मोझांबिक टिलापियाची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. आपल्याकडच्या बहुतेक माशांची अंडी उघड्यावर पडतात. त्यांच्यापुढे ही पोरं सहज पुढे जातात. देशी माशांसाठी ती उपद्रवी आहे यात शंका नाही. पण नवशिक्यासाठी तिच्याइतका चांगला गुरू नाही. ती किनाऱ्याजवळ असते, त्यामुळे लांब फेक लागत नाही. खळग्यावर आलेल्या लहानशा वस्तूला नर रागाने तोंड मारतो. दहा-बारा नंबरच्या आकड्यावर बांधलेली तपकिरी किंवा हिरवट अळीसारखी माशी तिला पुरते. ती लाजरीही आहे. बांधावर पाय आपटले, सावली पाण्यावर पडली, लाइन धप्पकन पडली, की पुढची दहा मिनिटं काही मिळत नाही. चूक लगेच कळवणारा आणि पुन्हा लगेच संधी देणारा मासा शिकणाऱ्याला दुसरा कोणता मिळणार?

आणि ती घरी नेऊन खाल्ली तरी नदीचं काही बिघडत नाही. पाणी स्वच्छ असेल एवढं मात्र पाहावं. गावाचं सांडपाणी उतरणाऱ्या तळ्यातला मासा खाऊ नये.

एक गोष्ट नवखे लोक विसरतात. तळं मोकळं दिसलं तरी त्यातला मासा बहुधा कोणाचा तरी असतो. मासेमारीचा हक्क ठेक्याने दिलेला असतो, कधी सहकारी संस्थेला, कधी एखाद्या ठेकेदाराला. पिल्लं सोडायचा खर्च त्यांनी केलेला असतो, आणि पाण्यावर जाळं टाकून पोट भरणारी भोई, अंबिगा, गंगामतस्थ समाजाची माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकणं ही चोरीच. विचारलं तर फायदाही होतो: मरळ कोणत्या कोपऱ्यात आहे आणि कोणत्या घाटावर पाय घसरतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

नवशिक्याच्या स्वप्नात मात्र जिलेबी नसते, महाशीर असतो. दांडेली धारवाडपासून दीडेक तासावर, तिथली काळी नदी महाशीरची. मग अडचण काय? पहिली अडचण कायद्याची. दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प 2007 मध्ये झाला, 2015 मध्ये त्याला काळी नदीचंच नाव मिळालं, आणि संरक्षित जंगलातल्या पाण्यात गळ टाकायला मनाई आहे. बेडतीच्या आणि शाल्मलेच्या खोऱ्यांतही राखीव संवर्धन क्षेत्रं आहेत. एखाद्या रिसॉर्टवाल्याने 'चालतं इथे' म्हटलं तरी वनखात्याचा लेखी परवाना पाहिल्याशिवाय रॉड जोडू नये. दुसरी अडचण जिवाची. दांडेलीच्या परिसरात काळीच्या पात्रात मगरी आहेत आणि तिथे माणसांवर हल्ले झाले आहेत. परदेशी व्हिडिओत मासेमार कमरेइतक्या पाण्यात उभा दिसतो. इथे ती नक्कल जिवावर बेतेल.

तिसरी अडचण माशाची, आणि तीच सगळ्यात गंभीर आहे.

दख्खनच्या महाशीरची शास्त्रीय नोंद पुण्याची. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी मुळा-मुठेतल्या माशावरून 1839 मध्ये तिचं वर्णन केलं. तीच आजची 'टोर खुद्री'. धरणं, प्रदूषण आणि सुरुंग लावून होणारी मासेमारी यांनी ती आटत चालली, तेव्हा लोणावळ्याला टाटांच्या वळवण धरणाजवळ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी 1970 च्या दशकात तिची कृत्रिम पैदास यशस्वी केली. भारतातल्या मत्स्यशास्त्रात या कामाचं मोल मोठं आहे. पण लोणावळ्याची पिल्लं पुढे इतर खोऱ्यांतही सोडली गेली. त्यांत कावेरी होती, आणि कावेरीत आधीपासून वेगळाच महाशीर राहत होता: पाठीला कुबड असलेला, केशरी परांचा, जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. म्हैसूरच्या प्रसिद्ध चर्मपूरक, म्हणजे मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरून ठेवणाऱ्या, घराण्यातल्या डी वेट व्हॅन इंगेन यांनी 1946 मध्ये पकडलेला 120 पौंडांचा मासा आजही विक्रम म्हणून सांगितला जातो. सोडलेली निळ्या परांची पिल्लं कावेरीत फोफावली आणि कुबडवाला महाशीर नाहीसा होत गेला. त्याला शास्त्रीय नाव, 'टोर रेमादेवी', निश्चितपणे मिळालं ते 2018 साली. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला.

हे घडतं आहे हे कळलं कसं? गळ टाकणाऱ्यांच्या वहीतून. कावेरीच्या काठी गालीबोरे इथल्या शिबिरात पकडलेला प्रत्येक महाशीर मोजून, नोंदवून पुन्हा पाण्यात सोडला जाई. 1998 ते 2012 या काळातल्या त्या नोंदी एड्रियन पिंडर आणि राजीव राघवन यांच्यासारख्या संशोधकांनी तपासल्या, आणि निळ्या परांचे मासे वाढत असताना कुबडवाले कसे घटत गेले हे आकड्यांत दिसलं. त्या पट्ट्यात 'वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया' ही 1972 पासूनची बंगळुरूची संस्था राखणदारही ठेवत होती. रॉड हातात असलेली माणसं नदीवर होती, म्हणून नदीकडे कोणाचं तरी लक्ष होतं. पुढे संरक्षित क्षेत्रातली ही शिबिरं बंद झाली. अभयारण्यात मनोरंजनाला जागा नको, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण त्याबरोबर नोंदींची वहीही बंद पडली, आणि त्या वहीची जागा दुसऱ्या कशाने घेतलेली दिसत नाही.

कर्नाटकात माशांवर माया करणाऱ्या जागा कमी नाहीत. शृंगेरीला तुंगेच्या घाटावर महाशीर भाविकांच्या हातून खातात. शिशिलाला कपिला नदीत देवाचे म्हणून राखलेले मासे आहेत. 1996 मध्ये तिथे कोणी विष घालून हजारो मासे मारले, तेव्हा लोकांनी त्या माशांचं स्मारक उभारलं. तिकडे महाराष्ट्रात महाडजवळ वाळणकोंडीलाही असंच देवीच्या नावाने महाशीर राखलेले आहेत. ज्या समाजाला मासा गेल्याचं एवढं दुःख होतं, त्या समाजाने गळ टाकणाऱ्यालाही राखणीत सामील करून घ्यायला हरकत नसावी.

गळ टाकण्याच्या छंदाला इथे परका म्हणण्याचंही कारण नाही. बिदर जिल्ह्यातल्या कल्याणीहून राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ ओळखीचा आहे, कारण बाया कांडताना ओवी गातात याची नोंद त्यात आहे. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे: माशांच्या जाती, कोणाला काय खायला घालावं, दोर, काठी, गळ, सगळं तपशीलवार. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये त्यावर लिहिलं, आणि 2005 मध्ये नलिनी साधले व य. ल. नेने यांनी त्यातल्या माशांचा पुन्हा अभ्यास केला. इंग्रजांच्या काळात दक्षिण कॅनराचे कलेक्टर असलेले हेन्री सुलिव्हन थॉमस यांनी 'द रॉड इन इंडिया' 1873 मध्ये प्रसिद्ध केलं. तेही किनारपट्टीवरच्या नद्यांत रॉड घेऊन फिरलेले होते आणि माशांच्या बेसुमार नाशाबद्दल सरकारला अहवाल लिहिणारे अधिकारीही होते. छंद आणि काळजी या दोन गोष्टी एका माणसात नांदू शकतात, याचा हा जुना दाखला आहे.

पुन्हा रॉडकडे. ती घरी आली की लगेच तळ्यावर धावू नये. पहिले काही आठवडे गवताच्या मोकळ्या मैदानावर, आकड्याऐवजी लोकरीचा छोटा गोंडा बांधून फेक शिकावी. मागे पन्नास फूट मोकळी जागा हवी. रॉड मागे नेऊन डोक्याच्या किंचित पलीकडे थांबवायची, लाइन मागे पूर्ण उलगडेपर्यंत वाट पाहायची, मग पुढे आणून पुन्हा थांबवायची. सगळी कला त्या दोन थांब्यांत आहे. नवशिका घाई करतो, आणि घाईने आणलेली लाइन फटकारा मारून गुंतते. जोर लावू नये. लाइनला वेळ द्यावा.

आणि डोक्यावर पाहावं. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. हुबळी-धारवाडच्या बऱ्याच मोकळ्या जागांवरून आणि बांधांवरून विजेच्या तारा गेलेल्या आहेत, आणि वळिवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ कधी गडगडेल याचा नेम नसतो. नऊ फुटांची कार्बनची काठी उंचावून उघड्या बांधावर उभं राहायची ती वेळ नव्हे. पहिला गडगडाट ऐकू येताच रॉड नळीत जायला हवी. डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी ही शोभेसाठी नाही, वाऱ्याने परत आलेल्या आकड्यासाठी आहे.

माश्या घरी बांधाव्यात. त्याचा खर्च थोडा आणि आनंद मोठा. शिलाईचा धागा, लोकर आणि कोंबडीच्या दुकानातून मागून आणलेली मानेची पिसं एवढ्यावर जिलेबीची माशी होते. जुन्या इंग्रजी पुस्तकांत 'जंगल कॉक'च्या पिसांची स्तुती वाचून कोणी भुलू नये. तो आपला करडा रानकोंबडा, दांडेलीच्या जंगलात आरवणारा. त्याच्या मानेवरच्या ठिपक्यांच्या पिसांसाठी एके काळी त्याची बेसुमार शिकार झाली. आज तो वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. आकड्याचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. मासा सोडायचा झाला तर तो कमी जखमी होतो, आणि आकडा बोटात रुतला तर शिकणाऱ्यालाही डॉक्टरकडे जावं लागत नाही. सोडायच्या माशाला कोरड्या हाताने धरू नये, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि रोग लागतो.

एवढं सगळं एका नवशिक्याने पाळलं तरी त्याला कायदेशीर पाणी मिळेल का, हा प्रश्न उरतो, आणि तो त्याच्या एकट्याने सुटणारा नाही. मुंबईत पवईच्या तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन अनेक दशकं सभासदांना नियमाने गळ टाकू देते आणि तलावाची काळजीही वाहते. हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांना अशी व्यवस्था अवघड नाही. राज्याच्या मत्स्य खात्याने आणि महानगरपालिकेने मिळून एका तळ्यापासून सुरुवात करावी. दिवसाचा परवाना द्यावा आणि त्याच्या शुल्कातला ठरलेला वाटा ठेकेदार संस्थेला, म्हणजे जाळं टाकणाऱ्या माणसांना, मिळावा. परवान्याबरोबर एक साधा कागद असावा, कन्नड आणि मराठी दोन्हीत: कोणता मासा, किती लांबीचा, कोणत्या घाटावर, ठेवला की सोडला. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात प्राणिशास्त्राचा विभाग आहे. ते कागद तिथे जमा व्हावेत. तळ्यात जिलेबी किती वाढली, देशी मासा किती उरला, कोणत्या महिन्यात मासे मरून वर आले, हे पाच वर्षांत समोर येईल, आणि सांडपाण्याबद्दल बोलायला नागरिकांच्या हातात आकडे असतील. जिलेबी कितीही न्यावी, मरळ आणि इतर देशी मासे सोडावेत, आणि जून ते ऑगस्ट हे विणीचे महिने परवान्यातून वगळावेत.

या वर्षी पावसाळ्यापूर्वी हे झालं नाही, तरी ते महिने गवतावर लोकरीचा गोंडा फेकण्यासाठी उत्तमच आहेत.